मापाचा ब्लाउज

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या बायकांचा ग्रुप एरवी निरुपद्रवी. पाणी कधी येणार याची चौकशी आणि रोज सकाळी फुलांसकट सुप्रभात. त्या दुपारी मात्र आमच्या टेलरच्या दुकानाचा फोटो आला. खाली मजकूर: हा मुसलमान आहे, लेकीबाळींची मापं याच्या हाती देऊ नका, पुढे पाठवा.

फोटो मीच काढलेला होता. कोपऱ्यात माझ्या स्कूटरच्या आरशाला अडकवलेली कोथिंबिरीची पिशवी दिसत होती. दिवाळीत ‘फॉल-पिको उत्तम, माणूस सज्जन’ असं लिहून मीच तो याच ग्रुपवर टाकला होता. आता तोच कुठून कुठून फिरून, विष लावून परत आला होता.

पटापट अंगठे उमटले. एकीने मला विचारलं, “अहो, तुमच्याच ओळखीचा ना तो? खरं आहे का?”

पुढे पाठवायचा प्रश्नच नव्हता. पण गप्प बसले तर माझाच फोटो त्याच्याविरुद्ध साक्षीला उभा. आणि बोलले तर? लिफ्टमध्ये रोज याच बायका. मुलगी क्लासहून एकटी येते. सरळ सांगते, मी घाबरले होते. दोनदा लिहून पुसलं. शेवटी पाठवलं: “फोटो माझा आहे, मजकूर नाही. माणूस सज्जनच आहे. मी पुढे पाठवणार नाही, तुम्हीही पाठवू नका.”

निळ्या खुणा उमटल्या. सुप्रभातवाल्यासुद्धा गप्प.

संध्याकाळी दुकानात गेले. शटर अर्ध्यावर. एकेक मापाचा ब्लाउज आम्ही सगळ्याजणी त्याच्याकडे कायमचाच ठेवतो, म्हणजे दर वेळी माप द्यायला नको. ते सगळे त्याने गाठोड्यात बांधून ठेवले होते.

“ताई, माझ्याही मोबाइलवर आलंय ते. तुमच्या सोसायटीचे सगळे यात आहेत, घेऊन जा. कुणाच्या घरचे इथे मागायला आले तर... वर आई एकटी असते माझी.”

मागे मोटरसायकल थांबली. आम्ही दोघंही दचकलो. ती गेली.

‘काही होणार नाही’ असं म्हणावंसं वाटलं, पण मलाच त्याची खात्री नव्हती. मी गाठ सोडली, माझा ब्लाउज शोधून काढला आणि भिंतीवरच्या खिळ्याला परत अडकवला.

बाकीचं गाठोडं उचलून मी निघाले. खिळ्यावर एकच ब्लाउज उरला होता.