चौथं अवशेषांग

माझ्या जिभेला हाड नाही, असं माझी आई म्हणायची. वर्गात मात्र या जिभेवरच माझं सगळं चालतं. पूर्णेतल्या एका शाळेत मी दहावीला विज्ञान शिकवते. शाळेत सांगाडा नाही. एक तक्ता आहे, त्याचा खालचा कोपरा उंदरांनी खाल्लाय. म्हणून मी पोरांच्या गोठ्यातून शिकवते. बैलाच्या पुढच्या पायाचा गुडघा म्हणता ना, ते त्याचं मनगट, आणि बैल उभा असतो तो बोटांच्या टोकावर, नखांवर, असं सांगितलं की वर्ग दात काढतो. मग मी खेकसते, घरी जा, हात लावून बघा, मग हसा.

हात लावून बघणारी एकच निघाली. चुडाव्याजवळच्या वस्तीवरून येणारी पोरगी, गाडी चुकली की जिचा पहिला तास बुडायचा. दुसऱ्या दिवशी दारातूनच म्हणाली, "बाई, खरं हाय. मंग मागच्या पायाला वर जे टोक निघतंय, ती टाच हाय का?" तक्त्यात ते नव्हतंच. तिनं गोठ्यात बसून शोधलं होतं. मला इतका आनंद झाला की मी तिला सगळ्या वर्गासमोर फळ्याजवळ उभं केलं.

तिचे आईवडील दसरा झाला की ऊसतोडीला जायचे आणि ही चुलत्याकडं राहून शाळा करायची.

पुढं अवशेषांगांचा धडा आला. म्हणजे शरीरात उरलेले पण काम संपलेले अवयव. गाय कान हलवून माशी हाकलते, आपल्या कानाचे स्नायू नुसते पडून. माकडहाड, अक्कलदाढ, आंत्रपुच्छ. पुस्तकात होतं तेवढं सांगून मी गप्प बसायला हवं होतं. पण नाही. "माझं आंत्रपुच्छ काढून बारा वर्षं झाली," मी म्हणाले, "काय अडलं माझं? काम संपलं की काढून टाकलं तरी शरीराला पत्ता लागत नाही." पोरं खुश, मीही खुश.

चाचणीत विचारलं, कोणतीही तीन अवशेषांगे लिहा. तिनं चार लिहिली होती. चौथं होतं, गर्भाशय.

मी ते वर्गात वाचून दाखवलं. नाव घेतलं नाही, पण शेजारणीनं तिच्याकडं बघितलं आणि सगळ्यांना कळलं. "उद्या कोणी काळीजही लिहील," असं वर म्हणाले. पोरं हसली. ती हसली नाही, रडलीही नाही.

मधल्या सुट्टीत पेपर घेऊन आली. "बाई, हे चुकलं कसं?"

"कसं म्हणजे? आईच्या पोटात कुठं वाढलीस तू?"

"ते झालं की. पर आता आमच्या वस्तीवर कोनाचीच न्हाई. चुलतीची काढली, मावशीची काढली. दोन लेकरं झाली की डॉक्टर म्हनतो, आता पिशवीचं काय काम, ठिवली तर कॅन्सर व्हईल. आन् पाळी आली की तोडीत खाडा पडतोय. आईचं पन ठरलंय. तिला भ्या वाटायलंय. मी सांगितलं, बाईंनी शिकवलंय, काम संपलं की काढलं तरी अडत न्हाई."

तिच्या आईचं वय विचारलं, तर म्हणाली, बत्तीस असंल. मी तिला तिथंच बसवून सांगितलं, ती पिशवी निकामी नसते, ती उगाच काढली तर या वयात हाडं झिजतात, कंबर जाते, आणि आईला तर उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकची शिडी चढायचीय. "आईला सांग, बाईंनी थांबायला सांगितलंय. दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. मी येत्या रविवारी घरी येते."

त्या रविवारी आमच्याकडं महालक्ष्म्यांची पाहुणेमंडळी होती. घर भरलेलं, सोळा भाज्या, कुणाला सांगून निघणार? आठवड्यानं काय बिघडतंय, असं मी मनाशी म्हणाले.

पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं गेले. पिशवीत तक्ता गुंडाळून घेतला होता. पत्र्याच्या खोलीत बाजेवर तिची आई पडलेली. पोरगी उशाशी बसून होती. मला बघून उठली आणि पाणी आणायला गेली, ती बराच वेळ आलीच नाही.

बुधवारी झालं होतं. मी खाली बसले. माफी मागायची होती, मी तब्येतीचं विचारत बसले.

"मागल्या रईवारी तुमची लय वाट पाह्यली," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "पोरगी ठेसनावर जाऊन बसली व्हती. तुमी आल्या न्हाईत. मंग म्हनलं, बाई पहिलं म्हनल्या तेच खरं असंल. आन् भ्या गेलं बघा."

मी तिच्या पायाकडं बघत राहिले. टाचांना भेगा, एका अंगठ्याचं नख कोयत्यानं गेलेलं. त्याच पायांवर ती महिन्याभरानं उसात उभी राहणार होती. तक्ता मी उघडला नाही.

निघताना तिनं माझा हात धरला. "बाई, एक इचारू? तुमची हाय का, पिशवी?"

माझं वय तेव्हा सत्तेचाळीस. "आहे," मी म्हणाले.

तिनं मान हलवली, समजुतीनं.

"असंल की. तुमचं बसून काम हाय."