डाव्या हाताचा टाका

रीनाचा फोन आला तेव्हा मी सॉल्ट लेकच्या बाजारात भाजी निवडत होते. एरवी ती फोनवर भरभर बोलते. त्या दिवशी नुसतं "काकीमा..." म्हणून थांबली. मग म्हणाली, "माशी सकाळी उठल्याच नाहीत." बंगालीत मावशीला 'माशी' म्हणतात. शोभनाताई दातारांना ही हाक पहिल्यांदा ऐकू आली तेव्हा त्या पोट धरून हसल्या होत्या. मला म्हणाल्या, "एवढा संसार केला, आणि शेवटी माशी झाले बघ." त्या गर्दीत, वांग्यांच्या ढिगापुढे, मला आधी ते हसणंच आठवलं. रडू नंतर आलं, बालीगंजला जाताना टॅक्सीत.

आमची ओळख इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत झाली, तीही मोदकाची उकड कुणाची बिघडली यावरून. त्यांचे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत, माझे बँकेत. दोघीही नवऱ्यांच्या बदल्यांमागून कोलकात्यात आलेल्या. निवृत्तीनंतर दातार पुण्याला परततील असं सगळ्यांनी धरलं होतं. ते परतले नाहीत. पुढे यजमान गेले, मुलगी पुण्याहून बोलावत राहिली, तरी ताई बालीगंजच्या तळमजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्येच राहिल्या. कारण त्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत तोवर माणसं कामाला येऊ लागली होती.

त्यातली पहिली रीना. तिची आई ताईंकडे स्वयंपाकाला यायची. रीनाचा उजवा हात आणि पाय जन्मापासून अधू. घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून आई तिला लोकलने सोबत आणायची आणि एका कोपऱ्यात बसवून ठेवायची. वयात आलेली मुलगी, दिवसभर भिंतीकडे बघत... ताई त्या काळात हौसेने कांथा शिकत होत्या. जुन्या मऊ साड्यांचे थर एकावर एक ठेवायचे आणि बारीक टाक्यांनी त्यांवर नक्षी भरायची. आपल्या गोधडीचीच नाजूक बहीण. एकदा त्या फोनवर बोलायला उठल्या आणि परत येऊन बघतात तर रीनाने कापड दातांत धरून डाव्या हाताने सुई चालवायला घेतलेली. ताई रागावल्या नाहीत. त्यांनी सुताराला बोलावलं आणि टेबलाला घट्ट आवळून बसेल अशी लाकडी चौकट करून घेतली, म्हणजे कापड धरायला दुसरा हात नको. पुढे रीनाच्या ओळखीने एकजण आली, तिच्या ओळखीने आणखी एक. ऐकू न येणारा स्वपन कापडावर नक्षी रेखून द्यायला लागला. खोली भरली. कामाचे पैसे प्रत्येकाच्या हातात मिळू लागले, आणि रीना स्वतःच्या तिकिटाने लोकलने एकटी येऊ लागली.

सेक्टर फाइव्हच्या आयटी वसाहतीतल्या एका कंपनीने दिवाळीच्या भेटींसाठी मोठं काम दिलं होतं. त्यांना प्रत्येक पिशवीसोबत एक कार्ड हवं होतं: या अभागी हातांना आधार द्या, अशा अर्थाचं, खाली सगळ्यांचे फोटो. ताईंनी तो मजकूर खोलीत वाचून दाखवला, बंगालीत आणि स्वपनला खुणांनी. मग स्वपनने आपल्या छातीवर हात ठेवून मान हलवली: नको. ताईंनी कंपनीला कळवलं की पिशवी आवडली तर घ्या, कार्ड मिळणार नाही. काम गेलं. त्या हिवाळ्यात खोलीत थोडी ओढाताण झाली, पण त्यावरून कुणी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी ताईंना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, बोलणं हळूहळू परतलं, उजवा हात मात्र गेला तो गेलाच. मी भेटायला गेले की त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. मुलगी येऊन राहिली होती, तिने सामान बांधायला काढलं होतं आणि खोली बंद करायचं जवळजवळ ठरलं होतं. मी तिथे असतानाच रीना एकदा ती लाकडी चौकट घेऊन आत आली. पलंगाजवळच्या टेबलाला तिने ती आवळली, कापड ताणलं आणि दोरा ओवलेली सुई ताईंच्या डाव्या हाताशी धरली.

"मला नाही जमणार," ताई म्हणाल्या.

"मीही हेच म्हणत होते," रीना म्हणाली. "तुम्ही ऐकलं होतं का?"

ताईंनी सुई घेतली. शिष्या म्हणून त्या फार वाईट होत्या. चिडायच्या, सुई टाकून द्यायच्या, रीनाला निघून जा म्हणायच्या. रीना निघून जायची आणि दुसऱ्या दिवशी यायची. काही महिन्यांनी एक वेडीवाकडी ओळ तयार झाली. ती मला दाखवताना ताई हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "इतकी वर्षं मी यांना सांगत आले, सोपं आहे, जमेल. सोपं नाही गं हे... मला माहीतच नव्हतं."

मुलगी एकटीच पुण्याला परतली. ताई पुन्हा पुढच्या खोलीत बसू लागल्या, पण कारभार त्यांनी रीनाच्या हाती दिला आणि स्वतः तिच्या शेजारची जागा घेतली. टेबलं बुटकी करून घेतली, मधल्या सुट्ट्या वाढवल्या. 'सोपं आहे' हे शब्द मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकले नाहीत. नवं कुणी आलं की म्हणायच्या, "कठीण आहे. बस, बघू या." त्यांची शेवटची वर्षं अशी गेली, आणि मला वाटतं, ती सुखाची होती.

परवा बालीगंजला जाऊन आले. मुलीने खोली तशीच चालू ठेवायला आनंदाने होकार दिलाय. आत मालती नावाची नवी बाई बसली होती. यंत्रात सापडून तिची बरीचशी बोटं गेलेली. रीना तिला बंगालीत समजावत होती, आणि मधेच माझ्या कानावर एक शब्द पडला... "धाबदोरा." मी दारातच थांबले. ताईंना बंगाली उत्तम यायची, पण टाक्यांची नावं त्यांनी कधी बदलली नाहीत. धावदोरा, साखळी, गहू टाका. बंगाली जिभेवर 'व'चा 'ब' झाला, एवढंच. मालतीलाही तो शब्द अनोळखी वाटला असावा. तिने विचारलं, ही कुठली भाषा?

रीनाने कापडावरून मान वर केली नाही. "माशीर भाषा," ती म्हणाली. माशीची भाषा.

मालतीने तो शब्द स्वतःशी एकदा पुटपुटून पाहिला आणि उरलेल्या दोन बोटांत सुई धरली.