पाबे घाटात दोन कार्डं

सायकलवर दोनशे किलोमीटर, साडेतेरा तासांत. शर्यत नव्हे ही, पहिला-दुसरा नंबर नसतो. पहाटे पाचला भोरहून निघायचं, वाटेतल्या ठरलेल्या थांब्यांवर कार्डावर शिक्का घ्यायचा आणि संध्याकाळी साडेसहाच्या आत भोरला परतायचं. कार्ड हरवलं की सगळं मुसळ केरात.

मी भोरच्या शाळेत शिकवते आणि माझं डोकं लवकर तापतं, हे माझी मुलंच तुम्हाला सांगतील. ही माझी पहिलीच खेप. सोबतीला उत्रोलीचे काका होते, पोस्टातून निवृत्त झालेले. दोन वेळा त्यांचं थोडक्यात हुकलं होतं. पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं, आणि त्यानंतर लांबचा पल्ला कायमचा बंद, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

कार्ड घामानं भिजू नये म्हणून आम्ही ते दुधाच्या रिकाम्या पिशवीत ठेवतो. पानशेतच्या हॉटेलात शिक्के झाले, कार्डं टेबलावर पडली होती. काका बशीत चहा ओतून निवांत फुंकर घालत बसले. मला धीर निघेना. घड्याळाकडे बघा जरा, म्हणून मी त्यांच्यावर खेकसले, तर ते म्हणाले, तुमी व्हा पुढं. मी ओल्या टेबलावरचं कार्ड उचललं, पिशवीत कोंबलं आणि तणतणत निघाले.

पाबे घाटाच्या माथ्यावर पाणी प्यायला थांबले. इथून उतरलं की वेल्हे, तिथं पुढचा शिक्का. खिशातलं केळं काढताना पिशवी हाताला जाड लागली. आत दोन कार्डं होती, एकमेकांना चिकटलेली. वरचं माझं, खालचं काकांचं.

फोन लावला, तर रेंज नाही. खरं सांगते, आधी मला काकांचाच राग आला. स्वतःचं कार्ड सांभाळता येत नाही या माणसाला? मग लाज वाटली. वेल्ह्याच्या थांब्यावर कार्ड देऊन पुढं जाता आलं असतं. पण ते पानशेतलाच शोधत बसले असतील तर? आणि मागं गेले तर घाट पुन्हा चढायचा, म्हणजे पाच महिने पहाटे उठून केलेला सराव पाण्यात. दोन मिनिटं मी तिथंच उभी राहिले. मग शिव्या घालत सायकल वळवली.

ब्रेक दाबून दाबून बोटं बधिर झाली. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता दिसतील. निम्म्याहून खाली उतरले तेव्हा दिसले. चेहरा पार उतरलेला. त्यांनी हॉटेलभर कार्ड शोधलं होतं, कचऱ्याचा डबासुद्धा उपसला होता आणि शेवटी तसेच निघाले होते.

"रस्त्यात पडलं होतं, मला सापडलं," मी बोलून गेले.

कसं तोंडातून निघालं, देव जाणे. काकांनी कार्ड कपाळाला लावलं. माझ्यासाठी थांबलात तर बघा, असा दम देऊन मी त्यांना पुढं पिटाळलं.

दुसऱ्यांदा घाट चढताना माझ्या पायात गोळे आले. दोनदा उतरून सायकल ढकलली. किकवीला शेवटचा शिक्का घेतला तेव्हा सहा वाजून गेले होते, माझं काही खरं नव्हतं. काका गेले का, विचारलं. गेले पंचवीस मिनिटांपूर्वी, शिक्का मारणारा म्हणाला, पण गुडघा धरून होते. तिथून भोरपर्यंत मी प्रत्येक मोरीवर, प्रत्येक झाडाखाली काका बसलेत का ते बघत गेले.

पोचले तेव्हा साडेसहा केव्हाच टळले होते. काका चार मिनिटं राखून पोचले होते आणि बाई माझ्यासाठी घाट परत उतरून आल्या, हे सगळ्यांना सांगत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या घेतल्या.

ऑपरेशननंतर त्यांना भेटायला गेले. राहवेना, मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. काका हसले.

"बाई, म्या तुमच्या मागं व्हतो. माजं कार्ड माज्या पुढं कसं पडंल?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग लोकांना का नाही सांगितलंत, मी विचारलं.

"परत आलात न्हवं तुमी," काका म्हणाले. "न्हाई आला असता, तर सांगितलं असतं."