वैद्यबाईंचं फीड

शाळेच्या ग्रुपवर ‘वैद्यबाई गेल्या’ असं आलं, तेव्हा मी ठाकुर्ली स्टेशनबाहेर भाजी घेत होतो. पिशवी तिथेच राहिली. शैला वैद्य आमच्या शाळेत भूगोल शिकवायच्या आणि मी मराठी. स्टाफरूममध्ये कित्येक वर्षं शेजारी बसलो, भांडलोही भरपूर.

भांडणाचं कारण बहुधा त्यांचं ते फीड. इतरांच्या वर्गात प्रोजेक्ट म्हणजे दुकानातून विकतची चित्रं आणून चिकटवायची. बाईंना ते अजिबात चालायचं नाही. प्रत्येक गटाने एक विषय धरायचा, त्यावर लिहिणाऱ्या वेबसाइट शोधायच्या आणि कॉम्प्युटर लॅबमधल्या एका पानावर त्यांची नावं जोडायची. तिकडे नवीन काही आलं की आपोआप या पानावर येऊन पडायचं; अशा जोडणीलाच फीड म्हणतात. सोमवारी पहिल्या तासाला मुलं ते वाचायची, एकाचं दुसऱ्याशी ताडून बघायची. “बसल्या जागी आयतं मिळतंय की,” मी चिडवायचो. “मिळतं हो सर, पण पारखायला डोकं लागतं,” असं म्हणत त्या माझ्याच डब्यातली लोणच्याची फोड उचलायच्या.

त्यांचा एक हट्टी नियम होता. एखादी वेबसाइट गप्प झाली, तरी शाळेचं वर्ष संपेपर्यंत तिचं नाव काढायचं नाही. लिहिणारा आजारी असेल, अडचणीत असेल... वाट बघायची. वर्ष संपलं की मात्र काढायचं, नव्या मुलांना पान स्वच्छ मिळालं पाहिजे.

हॉस्पिटलमध्ये शेवटचं भेटलो, तेव्हा त्यांना बोलताना धाप लागत होती. तरी विचारलंच, “जलपर्णीच्या गटाला नवीन काही आलं का?” मी हो म्हणालो. मग त्यांनी पानाचा पासवर्ड सांगितला. “मुलांचं पान सांभाळा... आणि नियम मोडू नका.”

त्या पानावर बाईंचा स्वतःचा ब्लॉगही जोडलेला आहे. मुलांनी आठवडाभरात काय शोधलं, त्यावर त्या दर शनिवारी चार ओळी लिहायच्या. परवा कॉम्प्युटरचे नवे सर माझ्याकडून पान उघडून घेऊन बंद पडलेली फीड काढायला बसले, तर टिटवाळ्याहून येणारी आठवीतली सानिका आडवी आली. “सर, ते नाही काढायचं. बाईंनी सांगितलंय, वाट बघायची.” सर माझ्याकडे बघत राहिले. मी पुढे होऊन ते पान बंद केलं.

सोमवारी मुलं अजून ते पान उघडतात. नवीन काही आलं की त्या फीडचं नाव ठळक होतं. बाईंचं नाव तसंच फिकट असतं... एप्रिलमध्ये वर्ष संपेल. पासवर्ड माझ्याकडे आहे, आणि बाईंचाच नियम आहे. असं काम माझ्या गळ्यात मारून गेल्या, याचा मला फार राग येतो.