थडग्यासाठी घडवलेले परदेशी

दुबईतल्या अल बर्शाहून सकाळीच निघालो. माझा धाकटा भाऊ शशी गाडी चालवत होता. तो काम करतो त्या हॉटेलच्या लॉबीसाठी चिनी मातीच्या मूर्ती घडवायला दिल्या होत्या, त्या बघायला रास अल खैमाला जायचं होतं. सुट्टीवर आलेल्या मलाही त्याने बरोबर घेतलं. आधी नुसती वाळू, मग सिमेंटची धूळ बसलेले करडे डोंगर. वाटेत करक (दाट, कडक चहा) प्यायलो.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. मूर्तिकार चेन साठीचा असेल. हिंदी आणि इंग्रजी मिसळून सावकाश बोलायचा. फार पूर्वी चीनमध्ये बड्या लोकांच्या थडग्यांत मातीचे घोडे, उंट आणि ते सांभाळणारे परदेशी नोकर ठेवत, हे त्यानेच सांगितलं. तशाच मूर्ती तो करायचा. फळीवर ते परदेशी रांगेने उभे होते. टोकदार टोप्या, मोठी नाकं, लगाम धरल्यासारख्या मुठी. अंगावरून पिवळी-हिरवी झिलई ओघळलेली. चेहरे मात्र कोरडे, माणसाच्या कातडीसारखे. मेलेल्या धन्याबरोबर परक्या मातीत कायमचे जाणारे लोक! त्यांच्यापुढून चालताना मी नकळत ओढणी सावरली.

शेवटच्या मूर्तीपाशी शशी थांबला. हळूच म्हणाला, "ताई, हा झेवियर आहे."

झेवियर वसईचा. शशीच्या खोलीत कित्येक वर्षं राहिलेला. गेल्या वर्षी झोपेतच गेला. एका दिवाळीत तो नाशिकला आमच्याकडे आला होता, त्यामुळे मीही ओळखलं. मधोमध तुटलेली डावी भुवई, किंचित वाकडा खालचा ओठ.

चेहरे कुठून घेता, असं मी चेनला विचारलं. येणाऱ्याजाणाऱ्यांचे, तो म्हणाला. ही मूर्ती त्याने याच महिन्यात केली होती. "ये आदमी दोपहर को आता है. वहाँ बैठता है. बात नहीं करता."

झेवियरने या कारखान्यात कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. तो वारल्याचं शशीने सांगितलं तेव्हा चेनने दाराकडे पाहिलं. तिथे प्लास्टिकची एक खुर्ची होती. भोवतीच्या जमिनीवर पांढऱ्या मातीचा थर होता आणि त्यात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

चेनने मूर्ती कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. "खलास (संपलं)," एवढंच म्हणाला. परतीच्या वाटेवर ती माझ्या मांडीवर होती. गाडीत एसी असूनही कागद कोमट लागत होता.

मुंबईत उतरल्यावर मी सरळ वसईला गेले. झेवियरच्या बायकोने, मार्थाने, मूर्ती बराच वेळ न्याहाळली.

"दमलेला दिसतो," ती म्हणाली. "घरी यायचा तेव्हा सारखा हसत असायचा. हा चेहरा त्याने मला कधी दाखवलाच नाही."

तो मूर्तिकारापुढे कधी बसला होता, असं तिने विचारलं. मला ठाऊक नाही म्हटलं. तिने येशूच्या तसबिरीशेजारी मूर्तीसाठी जागा केली.

नाशिकला पोचले त्या संध्याकाळी शशीचा व्हिडिओ कॉल आला. नेहमीसारखाच हसत होता. परदेशातून माणसं आपल्याला दाखवतात तेवढंच आपण पाहतो, हे इतकी वर्षं माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"हसू नकोस," मी म्हटलं. "नुसता बस समोर."

हळूहळू त्याचा चेहरा उतरत गेला, आणि मी माझ्या भावाला पहिल्यांदाच पाहिलं.