न कापलेला भुंगेरा

आमच्या ह्यांना माणसं ओळखता येत नाहीत. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना वायरमन समजून एकदा चक्क न्हाणीघरातला दिवा दाखवायला घेऊन आले होते. पण भुंगेरा म्हणाल तर लांबून ओळखतील. डोळा कसा वळलाय, मिशीचा कितवा सांधा लांब, पायाच्या टोकाला केस किती, सगळं तोंडपाठ. माझ्या चष्म्याचा नंबर विचारा, सांगता येणार नाही.

नोकरी लाकडाच्या वखारीत. आलेले ओंडके तपासायचे, पोखरलेला असेल तो बाजूला काढायचा. लाकूड पोखरणारे बहुतेक हे लांब मिशांचेच भुंगेरे. अळी असताना लाकडाच्या आत वर्षानुवर्षं कुरतडत बसायचं, मोठं झालं की भोक पाडून बाहेर. बाकीचे लोक बाहेर आलेला भुंगेरा बुटाखाली चिरडायचे. आमचे साहेब तो काडेपेटीत घालून घरी आणायचे. वखारीत ह्यांना ‘भुंगेभाऊ’ म्हणायचे आणि ह्यांना त्यात काही वाटायचं नाही. माझी लग्नातली पेटी त्यांनी कधी बळकावली ते मला कळलंही नाही. मी कपडे काढायला गेले तर आत टाचणीला टोचलेली फौज, प्रत्येकाखाली चिठ्ठी.

अशी सगळी मजा चालली होती तेव्हा एक दिवस मी वखारीत डबा द्यायला गेले. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. फाटकापाशी उभी होते आणि माझ्या बाहीवर काहीतरी येऊन बसलं. मी किंचाळले. हे धावत आले, म्हटलं झटकतील. कसलं काय! "हलू नकोस, अजिबात हलू नकोस," करत हळूच चिमटीत धरलं. काळा, अंगावर पिवळे पट्टे, मिशा मात्र अंगाएवढ्याच. असा भुंगेरा त्यांनी कधी पाहिला नव्हता.

मग पुढची काही वर्षं तेच वेड. त्याच वखारीतल्या ओंडक्यांवर तसेच आणखी थोडे मिळाले. पुस्तकं मागवली, संग्रहालयात खेटे घातले, जगातल्या सगळ्या भावकीशी तुलना झाली, आणि ठरलं की ही जात नवीन आहे. संग्रहालयाच्या नियतकालिकात छापून आलं. नाव दिलं माझं. मागे शास्त्राच्या रीतीप्रमाणे एक लॅटिन शेपूट लावलेलं, पण माझंच. ते मी इथे सांगत नाही, आधीच पुष्कळ चेष्टा झाली आहे. वन्सं तर अजून म्हणतात, "लोक बायकोच्या नावाने घर बांधतात. आमच्या दादाला भुंगेरा सुचला, तोही मिशीवाला!"

मी पण त्यांना टोमणे मारायची. मनातून मात्र सुखावले होते, खोटं कशाला बोलू.

नवीन जात जाहीर करायची म्हणजे एक नमुना मूळ म्हणून ठरवावा लागतो. पुढे कधी वाद झाला तर तोच बघायचा. ह्यांनी माझ्या बाहीवरचा ठरवला आणि खाली लिहिलं, ‘नर’. इतरांपेक्षा तो जरा बारीक होता, मिशा नखभर लांब होत्या, एवढ्यावरून. खात्री करायची तर पोटाचं टोक उघडून बघावं लागतं. बाकीच्यांची पोटं ह्यांनी उघडली, त्या माद्या निघाल्या. माझ्यावाल्याचं उघडलं नाही. चांगला अख्खा नमुना आहे, कशाला खराब करायचा, असं म्हणाले. तो काचेच्या डबीत घालून संग्रहालयाला दिला आणि विषय संपला. म्हणजे आम्हाला तसं वाटलं.

ह्या वर्षी ती मुलगी आली. संग्रहालयात नवीन लागलेली, केस आखूड कापलेले, बोलायला गोड. मी चहा ठेवला. तिने टेबलावर फोटो मांडले. एकात ह्यांचा पिवळ्या पट्ट्यांचा भुंगेरा, आणि त्याच्या पाठीवर एक कुळकुळीत काळा, ज्याच्या मिशा अंगाच्या दुप्पट लांब. जोडीने बसलेले.

"काका," ती म्हणाली, "हा काळा फार जुना, माहीत असलेला. त्याची मादी मात्र आजवर कुणाला सापडली नव्हती. नर झाडांच्या शेंड्यांवर राहतात. माद्या अंडी घालायला तोडलेल्या ओंडक्यांवर येतात. तुम्हाला सगळे नमुने ओंडक्यांवर मिळाले ना?"

ह्यांनी फोटो जवळ ओढला. मी विचारलं, "म्हणजे काय गं?"

"काकू, मूळ नमुना खरंच नर असेल तर पट्टेवाल्यांचा नरही पट्टेवालाच, म्हणजे काकांची जात वेगळी, माझा फोटो म्हणजे नुसता योगायोग. असा घोटाळा होतो कधीकधी, भलत्याच जातीच्या मादीवर नर बसतो. पण तो नमुना मादी निघाला, तर काकांनी जुन्याच जातीच्या मादीला नवीन नाव दिलं. मग जुनं नाव राहतं. नवीन जातं."

"कुठे जातं?"

"खोडतात," हे म्हणाले.

मुलीने पिशवीतून ती डबी काढली आणि ह्यांच्यापुढे ठेवली. संग्रहालयाने उसनी दिली होती. "मला उघडता आला असता. पण तुमचा आहे, तुम्हीच बघा, असं वाटलं मला." चहा अर्धा टाकून ती गेली. पोर गुणी आहे, ह्यात शंका नाही. तरी त्या दिवशी मला तिचा असा राग आला की तिचा कप मी दोनदा घासला.

आणि मग सुरू झाल्या येरझाऱ्या. डबी कपाटावर ठेवली होती. हे स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, बाहेरच्या खोलीतून गॅलरीत, परत कपाटापाशी. डबी हातात घ्यायची, उजेडात धरायची, ठेवायची. मिशा मोजायच्या, पुन्हा मोजायच्या. जेवताना मध्येच उठायचं. एका पायात आपली चप्पल आणि एका पायात माझी घालून कामावर गेले आणि तसेच परत आले. वखारीत चांगला ओंडका बाजूला काढला आणि पोखरलेला आत जाऊ दिला म्हणून बोलणी खाल्ली. झोपेत कूस बदलून बदलून चादरीची दोरी करायचे. माझाही जीव थाऱ्यावर राहीना. भाजी करपली, दूध उतू गेलं, शिवणाचं माप चुकलं. घरात दोन माणसं आणि दोघांच्या पायाला भिंगरी.

"अहो, एकदाचा कापा ना!"

"मऊ व्हावा लागतो आधी. वाळलाय तो."

"मग करा मऊ."

"आज हवा दमट आहे."

"दमट हवेत वाळकी वस्तू मऊ होते एवढं मलाही कळतं!"

हे उठले. गॅलरीत निघून गेले.

वन्संचा फोन आला. त्यांना सगळं सांगितलं तर म्हणाल्या, "दे फेकून कपाटामागे, म्हणावं हरवला." मी म्हटलं, वन्सं, असं कसं? पण फोन ठेवल्यावर मी त्या कपाटापाशी जाऊन उभी राहिले, हे सांगते. डबी एवढीशी. कपाटामागे धूळ भरपूर. ह्यांच्या अख्ख्या आयुष्याची कमाई ती एवढीच. वखारीतून निवृत्त होताना कुणी भाषण करणार नव्हतं, पेपरात फोटो येणार नव्हता. मी वळले तर हे दारात उभे. माझ्या डोक्यात काय आलं ते त्यांना बरोबर कळलं, कारण त्यांच्याही डोक्यात तेच येऊन गेलं होतं. दोघांनाही लाज वाटली. ती शरम मला अजून आठवते.

"पाणी गरम कर," हे म्हणाले.

रविवारची दुपार होती. पाहुण्यांसाठी ठेवलेला माझा एकुलता एक चांगला कप त्यांनी घेतला, म्हटलं घ्या. भुंगेऱ्याची टाचणी काढून तो कोमट पाण्यात सोडला. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं त्या कपाभोवती घिरट्या घालत होतो. पाणी निवलं की मी बदलायची. ऊन उतरायला लागलं तेव्हा त्यांनी तो टिपकागदावर घेतला, भिंग लावलं आणि टेबलावरचा दिवा मला धरायला सांगितला.

त्यांनी सुई लावली. पहिल्याच धक्क्याला एक मिशी निखळून पडली.

"गेली!" केवढ्याने ओरडले.

"डिंकाने चिकटेल. तुम्ही पोटाकडे बघा."

सुईच्या टोकाने पोटाची शेवटची चकती उचलली. मला काही दिसत नव्हतं, नुसतं ह्यांचं डोकं दिसत होतं, मागे टक्कल पडत आलेलं. मी त्या टकलाकडे बघत दिवा धरून उभी.  मग ते भिंगापासून बाजूला झाले आणि म्हणाले, "बघ."

मी वाकले. सुकलेल्या पोटात पिवळट दाणे होते, तांदळाच्या कणीसारखे, एकाला एक खेटून. अंडी. गच्च भरलेली.

माझ्या तोंडून निघालं, "अगं बाई! ही तर भरली होती." आणि मला रडू आलं. इतकी वर्षं त्या किड्यावरून मीच थट्टा केली होती, मला वाटलंच नव्हतं इतकं वाईट वाटेल. आणि नावासाठी तर वाटलंच, पण त्या बिचारीसाठीही वाटलं. अंडी घालायला लाकूड शोधत आली होती, आणि उतरली माझ्या हातावर.

"एक चीर," हे म्हणाले. "तेव्हाच एक चीर दिली असती तर. धडधडीत मादी आहे. कुणालाही दिसलं असतं. मी त्या दिवशी हिच्याकडे धड बघितलंच नाही गं. तुझ्याकडेच बघत होतो."

इतक्या वर्षांच्या संसारात असं वाक्य ह्यांनी कधी टाकलं नव्हतं, आणि टाकलं ते कधी, तर भुंगेऱ्याचं पोट फाडून.

त्यांनी हात धुतले आणि मुलीला फोन लावला. मी जवळच होते, सगळं ऐकू येत होतं. "मादी आहे," ते म्हणाले. "अंड्यांसकट. तुझं बरोबर होतं."

पलीकडून मग ती म्हणाली, "काका, आपण दोघांच्या नावाने लिहू. चूक झाली असं लिहायला नको. नवीन माहिती मिळाली, एवढंच म्हणू."

"नाही. फोटो तुझे, ते तू छाप. नाव मी दिलं, ते मी काढतो. न बघता नर लिहिलं होतं, तेही लिहिणार." आवाज अगदी स्थिर. वखारीतला ओंडका बाद करताना लागतो तसा.

फोन ठेवला आणि पुन्हा उभेच राहिले. पाय निघाले गॅलरीकडे, तिथून कपाटाकडे, तिथे आता डबी नव्हती, म्हणून मध्येच थबकले. खोलीच्या मधोमध उभं राहून माझ्याकडे बघत म्हणाले, "जगात तुझ्या नावाचं एक काहीतरी होतं. मी माझ्या हाताने पुसलं."

माझं डोकंच फिरलं. इतक्या दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. "अहो, मी आहे ना! ही काय उभी आहे तुमच्यासमोर, नावासकट! त्या भुंगेऱ्याला कधी त्या नावाने हाक मारली होती का तुम्ही? मला तरी मारता का? ‘अगं’ नि ‘ऐकलंस का’ ह्यावर भागवलंत सगळं!"

ते बघतच राहिले.  मग त्यांनी मला नावाने हाक मारली, शेपूट न लावता.

"काय?" मी म्हटलं.

"काही नाही," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.