बारा पाऊणे नऊ

वडिलांना रोज चालायला लावा, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं, त्यात काय मोठंसं! तीस वर्षं म्हसळ्याच्या शाळेत गणित शिकवलं होतं, भल्याभल्या टारगटांना सरळ केलं होतं. एका म्हाताऱ्या माणसाला तासभर फिरवून आणणं मला कुठे जड जाणार होतं? पण आमचे बाबा म्हणजे बाबाच. काम नसताना चालायचं कशाला, हा त्यांचा सवाल. जन्मभर नारळ-सुपारीच्या वाडीत राबलेला माणूस. पाटाचं पाणी फिरवायला, पडलेली झापं उचलायला दिवसातून दहा खेपा व्हायच्या, पण त्याला व्यायाम म्हणतात हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आई गेली आणि त्याच वर्षी निवृत्त होऊन मी मुरुडला त्यांच्याकडे राहायला आले. वाडी बघायला गडी होता, पाण्याला पंप होता, आणि बाबा पडवीतल्या खुर्चीत नुसते बसून होते. बोलणं हो-नाहीपुरतं. चहा पिऊन पाच मिनिटं झाली की विचारायचे, चहा झाला का. मी मुलखाची तापट. आत्ताच तर घेतलात, असं फाडकन बोलायचे आणि मागच्या दारी जाऊन डोळे पुसायचे. आई एकदम गेली होती. बाबा माझ्या डोळ्यांसमोर बसून थोडेथोडे चालले होते, आणि मला त्याचीच भीती वाटत होती.

मी आपली शाळेसारखी वेळ ठरवली, संध्याकाळी साडेपाच. पहिल्याच दिवशी समुद्राच्या पुळणीवर उतरलो तर पाणी थेट सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं. वरच्या भुसभुशीत वाळूत बाबांचे पाय घोट्यापर्यंत रुतत होते, आणि एका लाटेनं त्यांची चप्पलच नेली. एका चपलेवर घरी आले आणि दोन दिवस माझ्याशी अबोला. तिसऱ्या दिवशी खुर्चीतूनच विचारलं, परवा तिथी कोणती होती? कॅलेंडर बघून मी अष्टमी सांगितली.

"आठ पाऊणे सहा," ते म्हणाले. "सहाला पाणी भरतं. भरल्या पाण्यात नेलंस मला, आणि म्हणे गणिताची मास्तरीण."

कित्येक महिन्यांत एवढं लांब बोलले नव्हते. मी ऐकत उभी राहिले आणि आत दूध उतू गेलं.

त्यांच्या काळी शाळेत पाऊणकी पाठ करून घेत, पाऊण, दीड, सव्वादोन, तीन अशी. आमच्या वेळेपर्यंत ती गेली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते आणि त्यात सहा मिळवले की ओहोटीची, हे किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचं गणित. ओहोटीला वाळू कशी फरशीसारखी घट्ट लागते. मग रोज सकाळी बाबांनी तिथी विचारायची, डोळे मिटून पुटपुटायचं आणि निघायची वेळ सांगायची, असं सुरू झालं. पौर्णिमेला संध्याकाळी पाच, पंचमीला सकाळी नऊ. माझ्या स्वयंपाकाचं पार वाटोळं झालं. मी कुरकुर केली की म्हणायचे, समुद्राला सांग तुझं वेळापत्रक.

महिन्या-दोन महिन्यांत माणूस बदलला. चहाचा प्रश्न एकदाच यायला लागला. मासे वाळत घालणाऱ्या बायकांशी थांबून बोलायचे, वाडीत जाऊन गड्याच्या चुका काढायचे, आणि परत येताना हात धरू द्यायचे नाहीत. मला त्यांचा राग येईनासा झाला. इतकी वर्षं दुसऱ्या गावात काढल्यावर बाप मला नव्यानं भेटत होता.

तिसऱ्या वर्षीच्या थंडीतली एक द्वादशी. बाबांनी डोळे मिटले आणि खुशीत म्हणाले, बारा पाऊणे नऊ, चला, नऊला निघू. पाढा अगदी बरोबर होता. सहा मिळवायचे राहिले होते. नऊ ही भरतीची वेळ, आपल्याला हवी होती दुपारी तीनची. माझ्या ओठांवर आलं होतं, पण तोवर त्यांनी चपला घातल्याही होत्या. मी गप्प त्यांच्यामागून निघाले.

पाणी सुरूच्या मुळांशी आलेलं होतं. बाबांनी आधी पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाय, तुला ठाऊक होतं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग बोलली का नाहीस?"

जिनं पोरांची एक चूक कधी सोडली नाही, लाल शाईनं वह्याच्या वह्या रंगवल्या, तिची जीभ एवढ्याशा बेरजेपुढे उचलली नव्हती. मला रडू फुटलं. त्यांनी आपणहून माझा हात धरला.

"आजपासून गणित तू कर," ते म्हणाले. "चालायचं मी बघतो."

त्या दिवशी आम्ही तीनला पुन्हा आलो आणि ते पार कोळीवाड्यापर्यंत चालले. पुढे आणखी दोन वर्षं चालले. तिथी विचारायची राहिली, मग वाडी कुणाची तेही आठवेना. शेवटच्या पावसाळ्यानंतर तर मी कोण, हेही हातचं सुटलं. जन्मभर मला बाय म्हणणारे बाबा एक दिवस परक्या बाईशी बोलावं तसे अदबीनं म्हणाले, "बाई, पाणी उतरलं का?"

"उतरलं, चला," मी म्हटलं आणि चपला पुढे ठेवल्या. ते उठले. चालायचं बघतो म्हणाले होते, ते त्यांनी पाळलं.

आता मीच सत्तरीला आले. मुलीनं फोनवर भरती-ओहोटीच्या वेळा बघायची सोय करून दिली आहे, ती मी उघडत नाही. आज द्वादशी. बारा पाऊणे नऊ, आणि सहा मिळवून तीन. अजून येतं मला, बाबा.